तंबोऱ्यासाठी कोणता ट्यूनर घ्यावा? हिरवा दिवा लागूनही जोड जुळत नाही

किनारपट्टी (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो आणि पन्नाशी उलटल्यावर, गेली तीन वर्षे, गाणे शिकतो आहे. आजवर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागत होते. परंतु गेल्या दिवाळीत हौसेने मिरजेहून चार तारांचा (एक पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या म्हणजे 'जोडा'च्या, आणि शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची) पुरुषी तंबोरा करवून आणला. माझी पट्टी काळी एक आहे, म्हणजे माझा षड्ज पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, इंग्रजी नावाने सी शार्पवर, येतो. तंबोरा स्वतः जुळवणे अजून जमत नाही, म्हणून गिटारच्या डोक्याला लावतात तसा चिमट्याचा एक साधा ट्यूनर विकत घेतला आणि पहिल्या तारेपासून चौथीपर्यंत प्रत्येक तार हिरवा दिवा लागेपर्यंत मिळवून रियाजाला बसू लागलो.

मागच्या रविवारी गुरुजी घरी आले. त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, दोनदा छेडला आणि म्हणाले, "जोड फाटला आहे, आणि पंचमही किंचित खाली आहे." मी ट्यूनर लावून चारही तारांवर हिरवा दिवा दाखवला. ते हसले, पाच मिनिटे खुंट्या आणि तारांतले मणी (बारीक फरक काढण्याचे) सरकवत बसले, आणि त्यानंतर तंबोरा असा काही बोलू लागला की हेच ते वाद्य यावर माझा विश्वास बसेना. ते गेल्यावर मी कुतूहलाने पुन्हा ट्यूनर लावला, तर पंचमाच्या तारेवर काटा मध्यापासून केसभर उजवीकडे थांबत होता. म्हणजे ट्यूनरच्या मते गुरुजींचा पंचम चढा आणि गुरुजींच्या मते ट्यूनरचा पंचम उतरलेला!

आणखी दोन अडचणी आहेत. खर्जाची तार छेडली की ट्यूनरला काही सुचत नाही. तो एकदा सी शार्प दाखवतो, लगेच जी शार्प दाखवतो आणि कधी कधी तर चक्क एफ दाखवतो. दुसरे असे की घरातली जुनी हार्मोनियम आणि ट्यूनर यांचे मुळीच जमत नाही. ट्यूनरवर लावलेला तंबोरा पेटीच्या काळी एकपेक्षा उतरलेला वाटतो.

हा ट्यूनर बाजूला ठेवून चांगला घ्यावा, असा विचार आहे. चिमट्याचाच घ्यावा, की माइकवर ऐकणारा घ्यावा, की भ्रमणध्वनीवरचे मोफत अ‍ॅप पुरेल, की महागातला स्ट्रोब प्रकारचा (सरकत्या पट्ट्यांवरून अगदी बारीक फरक दाखवणारा) घ्यावा? मुलगा तबला शिकतो. त्यालाही तोच उपयोगी पडला तर उत्तम.

सहा तारा

मी गिटार वाजवतो, त्यामुळे तंबोऱ्याविषयी अधिकाराने बोलणार नाही. पण ट्यूनर बरेच वापरले आहेत. घेताना तो 'क्रोमॅटिक', म्हणजे बाराही स्वर ओळखणारा, आहे याची खात्री करून घ्या. काही ट्यूनर फक्त गिटारच्या सहा तारांचे स्वर ओळखतात. त्यांच्यावर काळी एकचा तंबोरा लावणे म्हणजे शेजारच्या गल्लीचा पत्ता घेऊन आपले घर शोधण्यासारखे आहे. दुसरे, त्यात मूळ स्वर बदलण्याची सोय हवी. ट्यूनर सुरू केला की तो ए या स्वराची, म्हणजे आपल्या मध्य सप्तकातल्या पांढरी सहाची, कंपनसंख्या ४४० हर्ट्झ धरून चालतो. चांगल्या ट्यूनरवर ती बटणाने खालीवर करता येते; कॉर्गच्या सीए-१ सारख्या साध्या यंत्रातही ४१० ते ४८० एवढी मुभा असते. तुमच्या पेटीचा प्रश्न त्यातून सुटेल.

जोड फाटतो आहे त्याअर्थी तुमच्या ट्यूनरची अचूकता कमी पडत असावी. साध्या ट्यूनरची अचूकता एका सेंटच्या (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या शंभराव्या भागाच्या) आतबाहेर असते. पीटरसनच्या स्ट्रोब ट्यूनरची ती एका सेंटच्या दहाव्या भागाइतकी असते. परवडत असेल तर तोच घ्या आणि प्रश्न कायमचा मिटवा.

मंद्रसप्तक

'सहा तारा' यांनी क्रोमॅटिक असण्याविषयी आणि मूळ स्वर बदलण्याविषयी जे लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. महाग ट्यूनरने प्रश्न मिटेल हे मात्र मला पटत नाही. व्यवसायाने मी विद्युत अभियंता आहे आणि वीस वर्षांपासून तंबोरा जुळवतो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी जोडाचे पाहू. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात जोडाच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झवर असतात. या ठिकाणी एक सेंट म्हणजे सुमारे ०.०८ हर्ट्झ. ट्यूनर एका सेंटच्या आतबाहेर चुकतो असे धरले, तर एक तार एक सेंट चढी आणि दुसरी एक सेंट उतरती राहूनही दोन्हींवर हिरवा दिवा लागू शकतो. म्हणजे दोन तारांत ०.१६ हर्ट्झचा फरक. मूळ स्वरात हा फरक सहा सेकंदांत एकदा येणाऱ्या हेलकाव्याएवढा (दोन तारांचा मिळून आवाज एकदा कमी-जास्त होण्याएवढा) असतो आणि तो एरवी कोणाच्या लक्षातही आला नसता. पण तंबोऱ्यात आपण मूळ स्वर ऐकत नाही, जवारीमुळे (तारांखालच्या घोडीच्या खास घडणीमुळे) उमललेले वरचे उपस्वर (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले सूर) ऐकतो. पाचव्या उपस्वरावर तोच फरक पाचपट होऊन ०.८ हर्ट्झ होतो, आणि सव्वा सेकंदाला एक हेलकावा येऊ लागला की गुरुजींच्या कानाला जोड फाटलेला ऐकू येतो. त्यात पुन्हा कित्येक स्वस्त ट्यूनरांत हिरवा दिवा दोन-तीन सेंटच्या पट्ट्यात लागलेलाच राहतो. तो 'जवळपास आहे' एवढेच सांगतो, 'जुळले' असे सांगत नाही.

मग सेंटचा दहावा भाग मोजणारा स्ट्रोब का नको? कारण तार स्वतःच तेवढी स्थिर नसते. छेडल्याक्षणी ती ताणली जाऊन किंचित चढी बोलते आणि मग खाली येऊन स्थिरावते. बोटाचा जोर बदलला की आकडाही बदलतो. स्ट्रोब ट्यूनर हे सगळे प्रामाणिकपणे दाखवतो, आणि नवखा माणूस त्या सरकणाऱ्या पट्ट्यांच्या मागे खुंटी पिळत बसतो. दोन तारा एकमेकींशी जुळल्या की नाहीत हे ठरवायला त्या दोन ताराच पुरेशा आहेत. हेलकावा मंद होत होत नाहीसा झाला की काम झाले, आणि ते ऐकायला तिसरे यंत्र मध्ये लागत नाही.

आता पंचम. ट्यूनरची फूटपट्टी सप्तकाचे बारा सारखे भाग करून आखलेली असते, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे त्याचा पंचम षड्जापासून बरोबर ७०० सेंटवर असतो. तारेतून निसर्गतः उमटणारा पंचम मात्र तीनास दोन या प्रमाणाचा, म्हणजे ७०२ सेंटचा असतो. ट्यूनरप्रमाणे लावलेला मंद्र पंचम १०३.८३ हर्ट्झवर येतो आणि जोडाशी खरोखर जुळणारा १०३.९४ वर. हा फरक किरकोळ वाटेल. पण पंचमाच्या तारेचा चौथा उपस्वर आणि जोडाचा तिसरा उपस्वर ४१५ च्या आसपास एकमेकांना भेटतात, आणि तिथे साधारण दोन सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. गुरुजींनी तो घालवला. तुमच्या ट्यूनरचा काटा केसभर उजवीकडे गेला तो याचमुळे, आणि तिथे ट्यूनरचीही चूक नाही. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि गुरुजींच्या कानापुढचा प्रश्न वेगळा होता.

खर्जावर एफ दिसतो म्हणता, त्याचा मला खरे तर आनंद झाला. सी शार्प हा षड्ज धरला तर जी शार्प हा पंचम आणि एफ हा गंधार होतो. खर्जाची मूळ कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ. उत्तम जवारी असलेल्या तंबोऱ्यात तिच्यापेक्षा तिसरा आणि पाचवा उपस्वर अधिक जोराने बोलतात, आणि ट्यूनर त्यांनाच तारेचा स्वर समजून बसतो. आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो तोच तुमच्या ट्यूनरला एफ म्हणून दिसतो आहे. पुढच्या वेळी नीट पाहा, काटा मध्यावर नसून जवळजवळ १४ सेंट डावीकडे असेल, कारण नैसर्गिक शुद्ध गंधार ३८६ सेंटचा आणि ट्यूनरचा ४०० चा. याच कारणाने ट्यूनरसमोर बसून गळ्याचा गंधार हिरव्या दिव्यावर आणण्याचा रियाज कृपया करू नये. तंबोऱ्याशी जुळलेला गंधार ट्यूनर कायम उतरलेलाच दाखवील. (तुमचा तंबोरा ज्या मिरजेचा आहे तिच्या शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या साहाय्याने श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांची) मोजमापे घेतली होती. त्यामुळे हा गंधाराचा वाद आपल्याकडे ट्यूनरांपेक्षा पुष्कळ जुना आहे.)

मी स्वतः काय करतो ते सांगतो. प्रथम तारांखालची चारही सुते (जवारी खुलवणारे दोरे) जवारीवरून बाजूला सरकवतो, म्हणजे तारा बंद बोलतात आणि उपस्वरांचा गलका कमी होतो. ट्यूनर खुंटीला लावतो, जोडाची पहिली तार बोटाच्या पेराने मध्यावर हलकेच छेडतो, आणि सेकंदभर थांबून, ती स्थिरावल्यावर सी शार्पवर आणतो. इथे ट्यूनरचे काम संपते आणि तो डबीत जातो. जोडाची दुसरी तार पहिलीशी, मग पंचम, मग खर्ज, हे सगळे कानाने. सुते जागेवर आणून जवारी खुलवली की पुन्हा एकदा ऐकून उरलासुरला फरक मण्यांनी काढतो. मालकंसासाठी पंचमाऐवजी मध्यम लावायचा असेल किंवा मारव्यासाठी निषाद, तरी पद्धत तीच. फक्त ट्यूनरवर विसंबून निषाद लावला तर तो सुमारे १२ सेंट चढा लागतो आणि फारच टोचतो, हे लक्षात असू द्यावे.

म्हणून माझा सल्ला असा, की खरेदी करायचीच असेल तर चिमट्याचा, क्रोमॅटिक, मूळ स्वर बदलता येणारा आणि सेंट आकड्यांत किंवा बारीक रेघांत दाखवणारा ट्यूनर घ्यावा, आणि तो पाचशे रुपयांच्या आसपासचा असला तरी चालेल. चिमट्याचा अशासाठी, की तो लाकडाची थरथर मोजतो, हवेतला आवाज ऐकत नाही. बाजूला तबला जुळवला जात असला तरी त्याचे बिघडत नाही. अ‍ॅप घरच्या शांततेत तितकेच अचूक चालते, पण कार्यक्रमाच्या आधी पडद्यामागे ते सगळ्यांचेच ऐकते. चिमटा तंबोऱ्याच्या जाड डोक्यावर बसत नाही, खुंटीवर बसतो. आणि काम झाल्यावर तो काढून ठेवावा, नाहीतर त्याच्या रबराचा डाग पॉलिशवर राहतो.

जुनी खोड

मंद्रसप्तक यांनी एवढे शास्त्र सांगून शेवटी कानावरच आणून सोडले, याचे समाधान वाटले. पण मग पहिली तार तरी ट्यूनरवर का? मी पंचेचाळीस वर्षे तंबोऱ्यामागे बसतो आहे. आमच्या वेळी पेटीची एक पट्टी दाबून जोड मिळवायचा, आणि पहिली सहा महिने गुरुजी आम्हांला गाऊ न देता फक्त तंबोरे जुळवायला लावत असत. त्या सहा महिन्यांत जे कानात शिरले ते पुढे कधी गेले नाही. यंत्र समोर असले की डोळा पुढे होतो आणि कान मागे राहतो, असे माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मी वारंवार पाहिले आहे. तार उघड बेसूर असतानाही ते दिव्याकडे पाहून निश्चिंत असतात.

एवढे मात्र मान्य करतो, की चार-चार तंबोरे एकाच वेळी लावायचे असतील आणि वातानुकूलित सभागृहात तारा घटकेघटकेला हलत असतील, तर पहिला षड्ज पक्का करून देणारे यंत्र हाताशी असणे वाईट नाही. मीही आता ते बाळगतो. सांगत नाही कोणाला, एवढेच.

दायाँबायाँ

तबल्यापुरते लिहितो. चिमट्याचा ट्यूनर तबल्याला जवळपास निरुपयोगी आहे, त्याला धरायला जागाच नाही. माइकवर ऐकणारा किंवा अ‍ॅप चालते, पण तबल्याचा नाद तारेसारखा रेंगाळत नाही, आणि प्रत्येक बोल वेगळे उपस्वर पुढे आणतो. पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) मधल्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर तारेसारखे सुरेल होतात हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनीच दाखवून दिले होते; तरीही 'ना' आणि 'तूं' यांवर ट्यूनर वेगवेगळे स्वर दाखवतो, आणि मुलगा गोंधळून जातो. ट्यूनर लावायचाच असेल तर तो फक्त 'तिं' किंवा किनारीचा 'ना' वाजवून, एका घरापुरता (पुडीच्या कडेच्या सोळा भागांपैकी एकापुरता) लावावा.

पण तबला जुळवण्याचे खरे काम म्हणजे सोळाही घरे एकमेकांशी सारखी करणे. एक घर काळी एकवर आले, की समोरच्या घरावर ना वाजवायचा, कमी असेल तर गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) वरून हलका ठोका, जास्त असेल तर खालून; फरक मोठा असेल तरच बाजूच्या लाकडी गट्ट्यांना हात लावायचा. या फेऱ्या चालू असताना शेजारी षड्ज अखंड वाजत राहणे फार उपयोगी पडते, म्हणून मुलासाठी वेगळा ट्यूनर घेण्यापेक्षा तुमच्याकडे असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा त्याला द्यावा. रत्नागिरीच्या पावसात पुडी रोज उतरणार, हे गृहीतच धरा.

किनारपट्टी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठ दिवस मंद्रसप्तक यांच्या पद्धतीने बसलो. पहिले तीन दिवस जोड जुळायला अर्धा-अर्धा तास लागला आणि एकदा खुंटी जास्त पिळून तार तोडली. परवापासून हेलकावा म्हणजे काय ते ऐकू येऊ लागले आहे. आधी तो घाईने येतो, मग लांबतो, आणि मग एकदम खोलीत कोणी बोलायचे थांबल्यासारखे होते. खर्जातला गंधारही काल संध्याकाळी दोनदा स्पष्ट ऐकला. ट्यूनर लावून पाहिले, खरोखरच एफच्या डावीकडे, तेरा-चौदा रेघांवर!

आता पेटीविषयी. काळी एक दाबून पाहिली, तर ट्यूनर ती सुमारे १२ सेंट चढी दाखवतो. पांढरी सहा मात्र सातच सेंट चढी आहे. मग मूळ स्वर किती ठेवावा?

मंद्रसप्तक

ए ४४० ऐवजी ४४३ केला की जवळजवळ १२ सेंटचा फरक भरून निघतो, म्हणून तुमच्यासाठी ४४३. पांढरी सहाकडे पाहू नका. जुन्या पेटीत प्रत्येक सूर आपापल्या गतीने हलतो, आणि तुम्हांला गरज आहे ती फक्त तुमच्या षड्जाच्या सुराची. मोजताना भाता एकसारखा आणि मध्यम जोराने चालवा, कारण हवा जोरात भरली की सूर किंचित उतरतो. बाकीचे सूर एकमेकांशी बिनसले आहेत असे दिसते, तेव्हा पेटी एकदा कारागिराकडून सूर करून घ्यावी, आणि ती आली की काळी एक पुन्हा मोजावी. त्यानंतर ४४३ बदलावे लागेल. पेटीशिवाय गाणार असाल त्या दिवशी ४४० की ४४३ याला काहीच महत्त्व नाही, गळ्याला सोयीचे असेल ते धरा.

एक सूचना: काही ट्यूनर बंद करून चालू केले की आपोआप ४४० वर परत येतात. तुमचा त्यातला आहे का ते पाहून घ्या, नाहीतर आठवडाभराने इथेच नवा प्रश्न येईल.

किनारपट्टी

पाहिले. माझ्या ट्यूनरवर ४४३ लक्षात राहतो, बॅटरी काढली तेवढे विसरतो. नवा ट्यूनर घेण्याचा बेत सोडून दिला आहे. सीआर २०३२ च्या दोन बॅटऱ्या आणि तंबोऱ्याच्या तारांचा एक जास्तीचा संच तेवढा मागवला.